साडेचारावी मात्रा

गिटार हातात आल्यावर पहिल्या पंधरवड्यात बहुतेक जण जी धून वाजवून बघतात, ती डीप पर्पलच्या ‘स्मोक ऑन द वॉटर’ची असते. गाणं पूर्ण ऐकलेलं नसलं, शब्द ठाऊक नसले, तरी सुरुवातीची ती जड पावलांनी चालत येणारी धून कानावरून गेलेली असतेच. गिटारवाले अशा धुनेला रिफ म्हणतात. गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा आणि सगळ्या गाण्याचा भार पेलणारा छोटा स्वरसमूह म्हणजे रिफ. या रिफमध्ये चारच स्वर आहेत. कुणीतरी कागदावर चार आकडे लिहून देतं, अर्ध्या तासात बोटं जागेवर पडायला लागतात, घरातलं कुणीतरी ‘अरे, हे ऐकलंय की’ म्हणतं, आणि गाणं आलं असं वाटतं. खरं तर गाणं अजून आलेलं नसतं. ओळखू येण्याइतकं ते वाजायला लागलेलं असतं. या दोन गोष्टींत बरंच अंतर आहे आणि मला या लेखात त्या अंतराबद्दलच बोलायचं आहे. रॉकचं गाणं शिकायचं तर ते आधी कानाने शिकावं आणि कागदाकडे नंतर वळावं, असं माझं ठाम मत आहे. हे मत कष्टांच्या कौतुकातून आलेलं नाही. या संगीताची मूळ प्रत कुठे असते, या प्रश्नाच्या उत्तरातून ते आलं आहे.

ती मूळ प्रत कशी तयार झाली ते आधी पाहू. डिसेंबर १९७१ मध्ये डीप पर्पल हा इंग्लिश बँड स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा सरोवराच्या काठावरच्या माँत्रो गावी आला. रोलिंग स्टोन्सचा ट्रकमध्ये बसवलेला फिरता स्टुडिओ सोबत घेऊन तिथल्या कसिनोत नवा अल्बम मुद्रित करायचा, असा बेत होता. ४ डिसेंबरला त्या कसिनोत फ्रँक झापा आणि ‘मदर्स ऑफ इन्व्हेन्शन’ यांचा कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांतल्या कुणीतरी छताच्या दिशेने फ्लेअर गन झाडली. आग लागली आणि कसिनो जळून गेला. सरोवरावर पसरलेला धूर बँडने पाहिला. मग मुद्रणासाठी गावातलं पॅव्हिलियन नावाचं नाट्यगृह मिळालं. तिथे रिची ब्लॅकमोरच्या या रिफवर वाद्यांचा पूर्ण ट्रॅक मुद्रित झाला, पण आवाजाच्या तक्रारी गेल्या आणि पोलीस दारात आले. बँडला तिथून उठावं लागलं. बाकीचा अल्बम हिवाळ्यात रिकाम्या पडलेल्या ग्रँड हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये गाद्या लावून पुरा झाला. पॅव्हिलियनमधल्या त्या ट्रॅकला तोवर शब्दही नव्हते. बेस वाजवणारा रॉजर ग्लोव्हर एका सकाळी झोपेतून उठताना जे शब्द बोलला, ते पुढे गाण्याचं नाव झालं, आणि आगीची हकीकत त्या ट्रॅकवर नंतर गायली गेली. ‘मशीन हेड’ हा अल्बम मार्च १९७२ मध्ये आला. पुढच्या वर्षी अमेरिकेत हे गाणं स्वतंत्र सिंगल म्हणून निघालं आणि बिलबोर्डच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं.

या हकिकतीतला क्रम महत्त्वाचा आहे. आधी गिटारचा आवाज, मग त्याभोवती वाद्यं, मग शब्द, आणि छापील स्वरलेखन या सगळ्याच्या कितीतरी मागून. बेटोफेनच्या सिंफनीत हा क्रम उलटा असतो. तिथे रचनाकाराने कागदावर लिहिलेलं मूळ असतं आणि प्रत्येक वादन हे त्याचं एक रूप असतं. रॉकमध्ये मूळ टेपवर असतं आणि कागद हे त्याचं एक रूप असतं, तेही कुणा तिसऱ्याच माणसाने ऐकून लिहिलेलं. म्हणून कागदावरून रॉक शिकणारा माणूस मूळ संहितेऐवजी कुणाच्या तरी टिपणावरून शिकत असतो. टिपण चांगलं असेलही. तरी मूळ प्रत सहज मिळत असताना ती बाजूला ठेवून टिपणावर विसंबणं मला पटत नाही.

आता रिफ जवळून पाहू. त्याचा आधारस्वर इंग्रजी जी. त्याला सा मानलं तर सा, कोमल ग, शुद्ध म आणि तीव्र म, एवढेच चार स्वर त्यात आहेत. तीव्र म येतो तो एका जागी, क्षणभर, आणि लगेच शुद्ध मध्यमावर उतरतो. दोन मध्यम पाठोपाठ ऐकल्यावर आपल्याकडच्या श्रोत्याला ललत आठवेल, पण इथे त्याचा संबंध नाही. हा स्वर अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लूजमधून आलेला आहे आणि रिफमधली सगळी धार त्या अर्ध्या मात्रेच्या स्वरात आहे. हे झालं वरच्या ओळीबद्दल. ब्लॅकमोर हे स्वर एकेकटे वाजवत नाही. प्रत्येक स्वराच्या खाली षड्ज-मध्यम अंतरावर दुसरा स्वर असतो आणि दोन्ही एकदम वाजतात. म्हणजे सा वाजतो तेव्हा त्याच्या खाली मंद्र पंचम असतो. तंबोऱ्याची पहिली तार आणि जोडाची तार एकदम छेडली तर जे ऐकू येईल, तेच अंतर या रिफच्या पहिल्या ठोक्यात आहे. ही तुलना मी सजावटीसाठी करत नाही. तंबोऱ्याजवळ बसलेला कान हे अंतर लगेच ओळखतो, म्हणून करतो.

नवशिका इथे दोनपैकी एक चूक करतो. एक तर तो एकाच तारेवर वरची ओळ वाजवतो आणि आवाज पोकळ लागतो. नाहीतर रॉक म्हणजे पॉवर कॉर्ड असं ऐकलेलं असल्यामुळे तो प्रत्येक स्वरावर पॉवर कॉर्ड धरतो. पॉवर कॉर्डमध्ये सा खाली असतो आणि पंचम वर. ब्लॅकमोरच्या रिफमध्ये पंचम खाली आणि सा वर. नावं तीच, जी आणि डी, पण कोण वर बसलं आहे ते बदललेलं आहे. त्यामुळे पॉवर कॉर्डने वाजवलेला रिफ जाडजूड होतो आणि त्याची ओळ झाकली जाते. मूळ ध्वनिमुद्रणात ती वर असते, उघडी आणि टोकदार. दुसरी गोष्ट हाताची. ब्लॅकमोर हा रिफ पिकने, म्हणजे तार छेडायच्या चकतीने, न वाजवता बोटांनी दोन्ही तारा एकदम उचलतो. पिक खालच्या तारेवरून वरच्या तारेवर जाताना त्याला क्षणाचा का होईना वेळ लागतो आणि दोन स्वर किंचित मागेपुढे पडतात. बोटांच्या चिमटीत ते एकत्र सुटतात. कागदावर दोन ओळींवर एकाखाली एक दोन आकडे असतात. त्यांवरून यातलं काहीच कळत नाही. पिक की बोटं हे कागद सांगत नाही, आणि सांगितलंच तर फरक काय पडतो ते सांगू शकत नाही.

मग अँपचा आवाज. रॉकची गिटार अँपला इतकी चढवलेली असते की ध्वनिलहरीचे माथे कापले जातात. यालाच डिस्टॉर्शन म्हणतात. दोन स्वर एकत्र असे कापले गेल्यावर त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे स्वर तयार होतात. रिफचा पहिला ठोका घ्या. खालचा डी सेकंदाला सुमारे १४७ कंपनांचा, वरचा जी १९६ कंपनांचा. वजाबाकी सुमारे ४९, आणि ४९ कंपनांचा स्वर हाही जीच आहे, दोन सप्तकं खालचा. म्हणजे वाजवणारा दोनच स्वर वाजवतो आणि अँप तिसरा, खोल षड्ज आपल्या पदरचा घालतो. अंतर इतकं साधं नसतं, समजा तिथे गंधार असता, तर वजाबाकीचे स्वर विसंवादी निघाले असते आणि सगळा गढूळ आवाज झाला असता. रॉकमध्ये चतुर्थ आणि पंचम अंतरं एवढी का वापरली जातात, याचं एक कारण हे आहे. त्यात भर म्हणजे जॉन लॉर्डने आपला हॅमंड ऑर्गन मार्शल अँपमधून तसाच चढवून त्याच रिफवर ठेवला आहे. आपण ज्याला गिटारचा आवाज समजतो त्यात मोठा वाटा ऑर्गनचा आहे. घरी एकटा बसून गिटारवर रिफ वाजवणाऱ्याला आपलं काहीतरी कमी पडतंय असं वाटत राहतं. कमी पडतंय ते त्याच्या बोटांत नाही, हे त्याला ऐकल्याशिवाय कळणार नाही. पहिली खेप गिटारची एकटीची असते, मग हायहॅट आणि ऑर्गन येतात, मग उरलेले ड्रम, मग बेस. हे थर एकेक करून ऐकायला बसलं की दहा मिनिटांत कान जे शिकतो, ते महिनाभर आकडे वाजवून शिकता येत नाही.

सगळ्यात मोठी चूक मात्र लयीत होते. रिफचा पहिला अर्धा भाग आठ मात्रांचा धरला तर त्यात सात आघात आहेत. पहिला पहिल्या मात्रेवर, दुसरा दुसरीवर, तिसरा तिसरीवर. इथपर्यंत सगळं जमिनीवर पाय ठेवून चाललेलं आहे. तिसरा स्वर दीड मात्रा थांबतो, आणि चौथा आघात येतो साडेचारवर. पाचवा साडेपाचवर. सहावा, म्हणजे तो तीव्र मध्यम, साडेसहावर. आणि सातवा पुन्हा जमिनीवर, सातव्या मात्रेवर. म्हणजे तीन आघात मात्रेवर, तीन मात्रांच्या फटीत, आणि शेवटचा परत मात्रेवर. रिफ चालतो, घसरतो आणि सावरतो. ‘साडेचार’ हा शब्द आपल्या भाषेत रोजचा आहे, ठायी-दुगुणीच्या हिशोबात वाढलेल्या कानाला तर हे काम अवघड नाही. पण आकड्यांवरून शिकलेला मुलगा सातही स्वर सारख्या अंतरावर वाजवतो, कारण कागदावर आकडे सारख्या अंतरावर छापलेले असतात. त्याची धून ओळखू येते. पाय मात्र हलत नाही. गाणं वाजवणाऱ्याचा पाय हलत नसेल तर ऐकणाऱ्याचा कसा हलेल?

ज्या कागदाबद्दल मी बोलतो आहे त्याला टॅब म्हणतात, टॅब्लेचरचं लघुरूप. सहा आडव्या रेषा म्हणजे सहा तारा, रेषेवरचा आकडा म्हणजे फ्रेट, गिटारच्या मानेवरचा पडदा. स्वर कोणता हे टॅब सांगत नाही, बोट कुठे ठेवायचं ते सांगतं. ही पद्धत आजची नाही. १५०७ मध्ये व्हेनिसच्या पेत्रुच्चीने ल्यूट या तंतुवाद्यासाठीचं पहिलं टॅबचं पुस्तक छापलं. त्या जुन्या टॅबमध्ये आकड्यांच्या वर लयीच्या खुणा असत, प्रत्येक आघात किती काळ टिकवायचा हे सांगणाऱ्या. नव्वदच्या दशकात संगणकावर साध्या अक्षरांत टॅब टाइप करून एकमेकांना पाठवायची प्रथा पसरली, तेव्हा या लयीच्या खुणा बहुतेक ठिकाणी गळून पडल्या. पाचशे वर्षांपूर्वीच्या लेखनात जे होतं ते नव्या लेखनात राहिलं नाही. टॅबबद्दलचा माझा आक्षेप म्हणूनच टॅब या कल्पनेवर नाही. तंतुवाद्यासाठी ती फार हुशारीची पद्धत आहे. एकच स्वर गिटारवर दोन-तीन ठिकाणी मिळतो, त्यांतली कोणती जागा घ्यायची हे पाश्चात्त्य स्टाफ नोटेशन सांगत नाही, टॅब सांगतं. रिफचा पहिला ठोका चौथ्या आणि तिसऱ्या उघड्या तारांवर मिळतो, तोच पाचव्या आणि चौथ्या तारेवर पाचव्या फ्रेटवरही मिळतो. उंची तीच, पण उघडी तार झणकारते आणि दाबलेली तार बोटाच्या ताब्यात राहते. टॅब यातली एक जागा निवडतं. ती लिहिणाऱ्याची निवड असते, आणि शिकणारा तिला वाजवणाऱ्याची निवड समजतो. इथे नुकसान होतं.

कागदावर गाण्याचा किती भाग मावतो, हा प्रश्न एकदा अमेरिकेच्या न्यायालयातही उभा राहिला. लेड झेपलिनचं १९७१ चं ‘स्टेअरवे टू हेवन’ हे गिटार शिकणाऱ्यांचं दुसरं मोठं दैवत. त्याच्या सुरुवातीला अर्ध्याअर्ध्या स्वराने खाली उतरत जाणारी एक ओळ आहे. ती स्पिरिट या बँडच्या ‘टॉरस’ नावाच्या वाद्यरचनेवरून घेतली, असा दावा २०१४ मध्ये दाखल झाला. ‘टॉरस’ची नोंदणी १९६७ ची, आणि त्या काळी लागू असलेल्या १९०९ च्या कायद्याप्रमाणे संरक्षण होतं ते नोंदणीसाठी जमा केलेल्या स्वरलेखनापुरतं. त्यामुळे २०१६ च्या खटल्यात दोन गाणी ताडून पाहण्यासाठी ज्यूरीला ‘टॉरस’चं ध्वनिमुद्रण ऐकवलं गेलं नाही. कागदावर होतं तेवढंच वाजवून दाखवलं गेलं. निकाल लेड झेपलिनच्या बाजूने लागला, २०२० मध्ये अपील न्यायालयाच्या विस्तृत पीठाने तो कायम ठेवला. अशी उतरती ओळ संगीतात शतकानुशतकं वापरली गेली आहे, हा बचाव पक्षाचा मुद्दाही मला रास्त वाटतो. निकालाशी माझं भांडण नाही. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. कायद्याने त्या वेळेपुरता कागद म्हणजेच गाणं असं धरलं, आणि तसं धरल्याबरोबर दोन्ही बाजूंच्या वकिलांना आणि तज्ज्ञांना कळून चुकलं की कागद आणि ध्वनिमुद्रण या दोन वेगळ्या वस्तू आहेत. फिर्यादी पक्ष ध्वनिमुद्रण ऐकवू द्या म्हणून शेवटपर्यंत झगडला, तो यासाठीच.

रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सचं उदाहरण थोडक्यात सांगतो. १९६९ च्या ‘हॉन्की टाँक विमेन’पासून पुढे त्याची अनेक गाणी नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये नाहीत. सगळ्यात जाड तार काढून टाकलेली आणि उरलेल्या पाच तारा जी, डी, जी, बी, डी अशा लावलेल्या, हे त्याचं ट्यूनिंग. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये त्याच कॉर्ड्स वाजवल्या तर हिशोबाने सगळं बरोबर असतं आणि कानाला सगळं चूक लागतं. कागदावर विसंबलेला माणूस अशा वेळी आपली बोटं कमी पडतात असं समजून मेहनत वाढवतो. कानावर विसंबलेल्याला शंका येते की तारच वेगळी लावलेली असावी. ही शंका येणं हेच शिक्षण आहे.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आणि सगळ्यात वजनदार आक्षेप असा, की नवशिक्याचा कान तयारच नसतो. त्याला ‘ऐकून उचल’ सांगणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीत ढकलणं. तो चार दिवस धडपडेल आणि गिटार कपाटावर ठेवून देईल. त्यापेक्षा टॅबने पहिल्या दिवशी काहीतरी वाजतं, हुरूप येतो. या म्हणण्यात तथ्य आहे. हुरूप ही फार मोलाची गोष्ट आहे आणि ती मोडण्याचा अधिकार कुणाला नाही. पण कान तयार नाही म्हणून कानाला काम द्यायचं नाही, तर तो तयार केव्हा होणार? आणि कानाने शिकणं म्हणजे पहिल्याच दिवशी सगळे स्वर शोधून काढणं नव्हे. पहिली पायरी म्हणजे रिफ तोंडाने गाता येणं. गिटार बाजूला ठेवून, टाळी देत, नुसती वरची ओळ. ती साडेचारवर पडते की पाचवर हे टाळीच सांगते. मग खालची ओळ गायची. हे अवघड आहे, कारण कान वरच्या स्वराला चिकटतो. दोन ओळी वेगळ्या ऐकू यायला लागल्या की गिटार घ्यायची आणि गळ्यात असलेला स्वर तारेवर शोधायचा. गळ्यात बसलेला स्वर तारेवर सापडतो. न गायलेला स्वर मात्र आकड्यावर बोट ठेवूनही हातात बसत नाही. टॅब याच्यानंतर उघडावं, पडताळ्यासाठी. आपल्याला जे सापडलं आणि कुणी जे लिहिलं ते ताडून बघावं. जिथे फरक पडेल तिथे पुन्हा ध्वनिमुद्रणाकडे जावं, निवाडा तिथेच होतो.

ज्यांचं वाजवणं आज नमुना म्हणून घेतलं जातं ते असेच शिकले. साठच्या दशकातली इंग्लिश पोरं अमेरिकन ब्लूजच्या आयात केलेल्या रेकॉर्ड्स झिजेपर्यंत ऐकत. एरिक क्लॅप्टनने आत्मचरित्रात सांगितलं आहे, की तो आपलं वाजवणं टेपरेकॉर्डरवर घेऊन मूळ रेकॉर्डशी ताडून बघत असे, सारखं वाटेपर्यंत. जलद जागा उतरवायची तर अनेक जण ३३⅓ फेऱ्यांची रेकॉर्ड १६⅔ फेऱ्यांवर लावत. वेग बरोबर निम्मा होतो आणि स्वर बरोबर एक सप्तक खाली येतात, त्यामुळे स्वरांची नावं तीच राहतात. आज मोबाइलवर उंची न बदलता वेग निम्मा करता येतो. म्हणजे कानाने शिकणं त्या पिढीला जेवढं कठीण होतं त्याच्या पाव भागानेही आज कठीण राहिलेलं नाही. मुंबईत रंगभवनच्या उघड्या मंचावर १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ भरू लागलं, त्या काळातल्या बँडवाल्यांकडे कॅसेट आणि रिवाइंडचं बटण एवढीच पाठशाळा होती. मी त्या टंचाईचा गौरव करत नाही. टंचाई वाईटच. पण टंचाईमुळे त्यांना मूळ प्रतीशी बसावं लागलं, आणि विपुलतेमुळे आपण तिच्यापासून लांब गेलो आहोत, हे खरं आहे.

दुसरा आक्षेप आपल्या घरचा आहे आणि मला तो पहिल्यापेक्षा अधिक विचार करायला लावतो. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीताचा वाद्यवृंद उभा राहिला तो गोव्याच्या वादकांच्या जोरावर. चर्चच्या शाळांत नोटेशन शिकलेले हे वादक समोर कागद ठेवला की वाजवत, आणि कागदामुळेच पन्नास-साठ वादकांचा वृंद एका बैठकीत गाणं मुद्रित करू शकत होता. शंकर-जयकिशन यांच्यासाठी संगीतसंयोजन करणारे सेबॅस्टियन डिसोझा, प्यारेलालना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस, ही कागदावर हुकूमत असलेली माणसं होती. मग कागदाला दुय्यम कसं म्हणायचं? माझं उत्तर त्यांच्या कामातच आहे. संगीतकार पेटीवर चाल म्हणून दाखवायचा आणि ती ऐकून संयोजक उतरवून घ्यायचा, तिच्याभोवती व्हायोलिनच्या ओळी कानात ऐकून लिहायचा. वादकांच्या हाती गेलेल्या कागदामागे आधी एक अत्यंत तयार कान होता. कागद लिहिता येणं हे कान तयार असल्याचं प्रमाणपत्र होतं. रॉक शिकणाऱ्याने त्यांच्यापासून घ्यायचं तर हे घ्यावं: टॅब वाचण्याऐवजी स्वतः लिहावं. ऐकून एक रिफ लिहून काढणारा मुलगा दहा टॅब वाचणाऱ्यापेक्षा पुढे जातो, यात मला शंका नाही. ख्यालगायनातही हेच झालं. भातखंड्यांनी घराण्यांतल्या बंदिशी गोळा करून क्रमिक पुस्तकमालिकेत स्वरलिपीत आणल्या, त्यांचे आपल्यावर उपकार आहेत. ती मालिका नसती तर कितीतरी चिजा गेल्या असत्या. पण पुस्तकातून काढलेली बंदिश आणि तालमीतून आलेली बंदिश यांतला फरक मैफलीतल्या साध्या श्रोत्यालाही कळतो. रॉकला गुरूच्या समोर बसण्याची परंपरा फारशी नाही. तिथे तालीम देतं ते ध्वनिमुद्रणच.

राहिला शेवटचा आक्षेप. इतकं हुबेहूब कशाला? पॉवर कॉर्डने वाजवलं, पिकने वाजवलं, तर बिघडलं काय? स्वतःचं काही नको का? हा प्रश्न विचारणाऱ्यांनी डीप पर्पलचीच दोन ध्वनिमुद्रणं एकामागून एक ऐकावीत. ब्लॅकमोर १९९३ मध्ये बँड सोडून गेला. पुढे स्टीव्ह मोर्स आला आणि १९९५ मध्ये त्याच्यासह बँड मुंबईत वाजवून गेला. ते वादन ‘बॉम्बे कॉलिंग’ या नावाने उपलब्ध आहे. १९७२ मधल्या ‘मेड इन जपान’च्या मैफलीत ब्लॅकमोर आहे, मुंबईच्या मैफलीत मोर्स. मोर्सचा हात वेगळा, त्याचा अँपचा आवाज वेगळा, एकल वादनात तर तो स्वतःच्याच वाटेने जातो. तो नक्कल करत नाही. पण तो जे बदलतो ते मूळ काय होतं हे पक्कं ठाऊक असल्यामुळे बदलतो. आपण काय बदललं हे ज्याला सांगता येतं, त्याचा बदल त्याचा स्वतःचा असतो. टॅबवाल्याच्या चुकीने बदललेलं मात्र वाजवणाऱ्याचंही नसतं आणि ब्लॅकमोरचंही नसतं. ते कुणा अनोळखी माणसाच्या घाईतून आलेलं असतं. नक्कल करायला सांगतो ते एवढ्यासाठी, की सोडायची असेल ती गोष्ट आधी हातात तरी असावी.

ही दोन ध्वनिमुद्रणं आणि मूळ ट्रॅक ऐकताना पहिल्या खेपेला गिटारकडे लक्ष देऊ नये. मांडीवर आठ मात्रा मोजाव्यात आणि तीननंतर थांबून चौथा आघात कुठे पडतो एवढंच पाहावं. जपानच्या श्रोत्यांसमोर, मुंबईच्या श्रोत्यांसमोर, पॅव्हिलियनमध्ये पोलीस येण्याआधी घाईने उरकलेल्या त्या मूळ ट्रॅकवर. तिन्हीकडे चौथ्या मात्रेवर हात मांडीवर पडतो तेव्हा गिटारचा नवा आघात नसतो, तिसऱ्या मात्रेवरचा स्वर विरत असतो. हात पुन्हा वर जाऊ लागतो, आणि तो हवेत असतानाच स्वर येतो.